कोपऱ्यातली खुर्ची

कात्र्यांना धार लावून धाकटी परत आली, तेव्हा केशकर्तनाच्या दुकानात दुपारची सामसूम होती. मालकिणीने कात्र्या मोजूनमापून घेतल्या आणि त्यातली एक धाकटीच्याच हातात ठेवली.

"आजपासून कोपऱ्यातली खुर्ची तुझी. टिकलीस तर कायमची."

धाकटीला आभाळ ठेंगणं झालं. या परदेशातल्या शहरात आल्यापासून तिने दुसऱ्यांनी कापलेल्या केसांचा केर तेवढा काढला होता. ती एकटी निघाली तेव्हा काका सगळ्यांसमोर म्हणाले होते, "महिनाभरात रडत परत येईल, बघा!" रडली खरी, पण परत गेली नाही. आता पक्कं काम मिळालं तरच राहायचा परवाना वाढणार होता. नाहीतर काकांचा शब्द खरा करायला जावंच लागणार होतं.

"टिकलीस तर म्हणजे?" तिने विचारलं.

मालकिणीने नजर चुकवली. "त्या खुर्चीवर कुणी थांबत नाही. आधीची मुलगी कात्री टाकून पळाली... पगार न्यायलासुद्धा आली नाही." एवढं बोलून ती बँकेत निघून गेली.

धाकटीने आरसा लख्ख पुसला. बाहेर ढग दाटले होते. सगळे दिवे चालू असूनही कोपरा काळवंडत चालला. टप्... टप्... तिने नळ गच्च आवळला, तरी टपटप थांबेना. मग वास आला. नुकत्याच धुतलेल्या केसांचा, पण मागे काहीतरी शिळं, कुबट, बंद खोलीत राहिलेल्या ओल्या टॉवेलासारखं.

ती वळली. खुर्ची रिकामी होती.

आरशात मात्र बाई बसली होती. मान खाली. एका बाजूचे केस कानापर्यंत कापलेले, दुसऱ्या बाजूचे पार जमिनीपर्यंत लोंबणारे, पाणी गाळणारे.

धाकटीची पाचावर धारण बसली.

"अगं... झालं का...?"

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण तो आवाज तिच्याच भाषेत बोलत होता. आईचा फोन सोडला, तर या शहरात ती भाषा तिने कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती.

"उशीर होतोय गं मला... कुणी पुरे करतच नाही..."

दार चार पावलांवर होतं. पण त्या दारातून पळाली असती, तर थेट घरीच पोचली असती, आणि काका तिथे तोंडभर हसत उभे असते. शिवाय भीतीच्या जोडीला तिला आता रागही आला. बाईमाणसाचं डोकं असं अर्ध्यावर सोडून जातं का कुणी!

"मान सरळ ठेवा," धाकटी म्हणाली. आवाज कापत होता, हात नाही.

आरशात बघत तिने रिकाम्या खुर्चीवर फणी चालवली. हवेत फणी गुंत्यात अडकली. कात्रीने कर्र केलं, आणि थंडगार ओल्या बटा तिच्या मनगटावरून घसरल्या. तिने दोन्ही बाजू नीट जुळवल्या, मग रीतीप्रमाणे छोटा आरसा मागे धरला. "बघा, आवडलं?"

बाईने तोंड वर केलं. तो चेहरा कसा होता, ते धाकटीने कधीच कुणाला सांगितलं नाही. हसली, एवढंच सांगते.

मालकीण आली तेव्हा धाकटी ओल्या केसांचा ढीग झाडत होती.

"पळाली नाहीस...?"

"गिऱ्हाईक अर्ध्यावर टाकून?"

पुढे मालकीण थकली आणि ते दुकानच धाकटीने विकत घेतलं. स्वतःच्या कष्टाने, कुणापुढे हात न पसरता. काका आता गावभर सांगतात, "मी म्हणतच होतो, पोरगी नाव काढणार!" तिने सगळं सामान बदललं. कोपऱ्यातली खुर्ची तेवढी तशीच ठेवली.

मालकीण म्हणून पहिला दिवस संपला. सगळे गेल्यावर दाराला आतून कडी घालून तिने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गोल फिरवून सगळं दुकान दाखवलं. आईने डोळ्यांना पदर लावला.

"सोनं केलंस गं पोरी." मग आई पडद्यावर जरा पुढे वाकली. "बरं, पुरे आता बोलणं. ती कोपऱ्यातली बाई ओल्या केसांनी कधीची ताटकळलीय... केस केवढे वाढलेत तिचे!"

टप्... टप्...

"घेतेच तिला, आई." धाकटीने कात्री उचलली.

"आणि त्या बाकावरच्या? एवढ्या जणी खोळंबल्यात... सगळ्या तशाच ओल्या... चांगलंच नाव झालंय हं तुझं!"