एका लॉटचा मरून

"चारचौघांत लाज काढलीस माझी, आक्का! पार लाज काढलीस!"

दार धाडकन लावून घेत योगेश ओरडला, आणि मैना तिथंच उंबऱ्यापाशी उभी राहिली. एका पायात चप्पल, एक पाय मोकळा. ज्या भावाला तिनं कडेवर घेऊन वाढवलं, ज्याच्या तापात रात्ररात्र कपाळावर पट्ट्या ठेवल्या, तोच आज तिच्यावर बोट रोखून उभा होता... आणि कशावरून? तर एका गाडीवरून! तीही सेकंडहँड!

झालं होतं एवढंच. योगेशचं बजेट चार लाख, वर एक रुपया नाही. त्यात दोन गाड्या बसत होत्या. एक इंदिरानगरच्या वाल्मीक सरांची छोटी करड्या रंगाची गाडी, दिसायला अगदीच साधी, शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या पोरासारखी. आणि दुसरी नाशकातल्या द्वारका चौकाजवळ सोमनाथशेठच्या यार्डातली मरून सेडान. लांबलचक, चकचकीत! तिच्यापुढं उभं राहून फोटो काढला की माणूस आपोआप साहेब वाटावा अशी. योगेश अंबडच्या कंपनीत सुपरवायझर, त्याच्या शिफ्टनंतर संध्याकाळी सगळे मिळून ती बघायला गेले. शेठनं पिवळे दिवे लावले, गाडी नुसती झळाळली. योगेश हरखला, त्याची बायको सायली हरखली, सहा वर्षांची स्नेहल तर उड्याच मारायला लागली, "मी मागं, डावीकडच्या खिडकीत बसणार! ती माझी जागा!"

मैना मात्र गाडीभोवती दोनदा फिरली, डाव्या बाजूला थबकली आणि म्हणाली, "शेठ, ही दिव्याखाली नका दाखवू. सकाळच्या उन्हात दाखवा."

शेठ पोट हलवून हसला. "ताई, गाडी आहे ही, साडी नव्हे! उन्हात धरून काय पदर बघायचाय का?"

शेठ हसला त्याचं मैनाला काही वाटलं नाही. असे शेठ तिनं येवल्यात छप्पन्न बघितलेत. पण योगेश हसला! तिच्याकडं न बघता शेठला म्हणाला, "सोडा हो शेठ, बहीण गावाकडची आहे. तिला गाडीतलं काय कळतं! उद्या सकाळी टोकन घेऊन येतो."

गावाकडची बहीण... बस्स, एवढीच का तिची ओळख?

अहो, अठरा वर्षांची होती मैना, सुपारी फुटली होती तिची, मुलगा चांगला होता, लासलगावचा. लग्नाला महिना राहिला आणि बाप गेला. आई त्याआधीच गेलेली. घरात उरलं काय, तर एक माग आणि आठ वर्षांचा योगेश. मुलाकडचे म्हणाले, भावाला मामाकडं ठेवा. मैना म्हणाली, मग सुपारी परत घ्या. पैठणीच्या मागावर जी बसली ती सव्वीस वर्षं! रेशमाच्या धाग्यानं बोटं कापली, डोळ्यांत पाणी आलं, पण हातातला धोटा थांबला नाही. त्या धोट्यावर योगेशचा डिप्लोमा झाला, लग्न झालं, नाशकात फ्लॅट झाला. आणि तीन महिन्यांपूर्वी हाच योगेश येवल्याला येऊन म्हणाला, "बास झालं आता मागावर बसणं, लोकं मला काय म्हणतील?" मागावर चादर टाकली आणि आक्काला नाशकात आणलं. सोसायटीत कुणी विचारलं की सांगायचा, "बहीण आहे. घरीच असते." विणकर हा शब्द त्याच्या तोंडातून चुकूनही निघायचा नाही!

"आक्का, त्यांच्या कंपनीत सगळ्यांकडं मोठ्या गाड्या आहेत हो," सायली हळूच म्हणाली. वाईट नव्हती ती, पण नवऱ्याकडंच तिचा कल. "तुम्ही मधेच तसं बोललात ना, शेठला वाटलं आपण अडाणी..."

"अडाणीच हाय मी," मैना म्हणाली. मान ताठ होती. "सातवी पास. पण योग्या, ध्यानात ठेव, अडाणी हाय, आंधळी नाय!"

एवढं बोलून ती आत गेली. रडली का? रडली. पण नळ सोडून रडली, कुणाला ऐकू जाईल अशी रडणारी बाई नव्हती ती.

सकाळी तिनं पिशवी भरली. दोन लुगडी, एक कंगवा, आईचा फोटो. ज्या घरात आपल्या शब्दाला फोडणीतल्या मोहरीएवढीही किंमत नाही, तिथं राहायचं कशाला? आपलं येवलं बरं, आपला माग बरा! पिशवी खांद्याला अडकवून ती दारापर्यंत गेलीसुद्धा. तेवढ्यात आतून स्नेहलचा झोपाळू आवाज आला, "आत्या, आज आपली गाडी येणार. तू पण माझ्या बाजूला बस हां..."

मैनाचे पाय दारातच थांबले. डावीकडची खिडकी! काल नेमकं तिथंच तर तिच्या डोळ्याला काहीतरी खुपलं होतं. आपला मान गेला चुलीत, पण हे लेकरू तिथं बसणार? नाही... नाही! रागानं निघून जाणं सोपं असतं हो, पण डोळ्यांनी दिसलेलं गिळून जाणं मैनाच्या रक्तातच नव्हतं.

पिशवी तिथंच ठेवून ती सिटी बसनं तडक द्वारकेला पोचली.

मरून गाडी पत्र्याच्या शेडखाली, वर कव्हर घालून उभी होती. "शेठ, उन्हात काढा," मैना म्हणाली.

"ताई, बॅटरी उतरलीय. निघत नाही ती."

"बरं. मी बसते."

आणि खरंच, समोरच्या चहाच्या टपरीवरचं एक स्टूल ओढून ती बसली! शेठ फोनवर बोलायचं नाटक करत तिच्याकडं बघत राहिला. अर्ध्या तासानं योगेश, सायली आणि स्नेहल रिक्षातून उतरले. हातात नारळ, झेंडूचा हार आणि टोकनचं पाकीट. गिऱ्हाईक पैसे घेऊन आलं म्हटल्यावर काय चमत्कार! बॅटरी लगेच चढली. पूजेसाठी गाडी आपल्या पायानं चालत उन्हात आली.

"आक्का?" योगेशच्या कपाळाची शीर ताठ झाली. "तू इथंपण आलीस? अजून किती..."

"भांडायला नाय आले," मैना उठली. त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून तिनं त्याला गाडीपासून दहा पावलं लांब, ऊन पाठीवर येईल असं उभं केलं. "डोळे मिट."

"आक्का, लोकं बघतायत!"

"बघू दे. मिट डोळे, योग्या. आता उघड... अन् सांग, कांडी कोणती बदलली?"

त्या प्रश्नासरशी योगेश चौतीस वर्षांचा राहिलाच नाही. येवल्याच्या घराच्या पायरीवर सकाळचं ऊन यायचं, त्या उन्हात आक्का रेशमाच्या कांड्या ओळीनं मांडायची आणि त्याला डोळे मिटायला लावून त्यातली एक बदलायची. त्याच रंगाची, पण दुसऱ्या लॉटची, म्हणजे दुसऱ्या खेपेला रंगवलेली. दिव्याखाली दोन्ही सारख्याच दिसायच्या, पण साडीत एकत्र गेल्या तर अख्खा पट्टा उमटायचा, सहा महिन्यांची मेहनत मातीत! "पयल्यांदा जे दिसंल तेच खरं," आक्का म्हणायची. आणि तो, एवढुसा पोरगा, कधी चुकला नव्हता...

योगेशनं डोळे उघडले.

"डावा मागचा दरवाजा," त्याच्या तोंडून आपसूक निघालं. "आणि त्याच्या मागचा पत्रा पण. बाकी गाडीच्या मरूनमध्ये तांबडं आहे... यात वांग्याचा रंग आहे."

"हां!" मैना म्हणाली. "दोन लॉट हायेत, बाळा."

मग मात्र त्याच्यातला सुपरवायझर जागा झाला. धावत जाऊन त्यानं दाराचं रबर ओढलं, डिकीतला गालिचा उपसला. आत पत्रा कापून जोडल्याचा वेडावाकडा वेल्डिंगचा सांधा, वर घाईघाईनं थापलेली पुट्टी.

"शेठ, फर्स्टक्लास गाडी म्हणाला होतात ना? ही तर चेपून पुन्हा उभी केलीय!"

"किरकोळ टच होता हो साहेब... आणि एवढं बारीक बघतं कोण?"

स्नेहल त्याच डाव्या दाराला हात लावून उभी होती. सायलीनं तिला असं ओढून छातीशी धरलं की पोरगी कळवळली.

योगेशचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. आणि मग तो बोलला, यार्डातल्या गिऱ्हाइकांना, टपरीवरच्या रिक्षावाल्यांना, सगळ्या द्वारकेला ऐकू जाईल अशा आवाजात!

"माझी बहीण बघते! विणकर आहे ती, येवल्याची! सव्वीस वर्षं पैठणी विणलीय तिनं, कळलं? तिला गाडीतलं कळत नाही असं काल मी म्हणालो... गाढव मी होतो!"

आणि भर रस्त्यात तो मैनाच्या पायावर कोसळला. "आक्का, तुझ्या डोळ्यांवर मी मोठा झालो गं... आणि तुझीच लाज वाटली मला... मार मला, पण माफ कर!"

मैनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण या पाण्यात कालची आग नव्हती. तिनं त्याला उठवलं, गुडघ्याची धूळ झटकली, जशी शाळेत पडून आल्यावर झटकायची तशी.

"ऊठ आता, सुपरवायझर ना तू? अन् तो नारळ दे इकडं, चटणीला होईल. असल्या गाडीवर कशाला फोडायचा!"

रडता रडता सायलीला हसूच फुटलं. डोळे पुसत ती म्हणाली, "आक्का, कालचं माझंपण चुकलं हो."

"तुझं कमी चुकलं," मैना म्हणाली, "पण चुकलं खरं."

दुपारी सगळे वाल्मीक सरांकडं गेले. करडी गाडी दारातच, भर उन्हात उभी होती. योगेशनं काही विचारायच्या आधीच सर म्हणाले, "आधी वाईट ऐका. एसी जरा मंद आहे. उजवा बंपर मीच गेटला घासलाय. रंग दिला नाही, दिला असता तर तुम्हाला फसवल्यासारखं झालं असतं."

मैना एकदाच फिरली गाडीभोवती. "एका लॉटची हाय," ती म्हणाली. विषय संपला. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही!

चार दिवसांनी कागद तयार झाले. पेन काढत सरांनी विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर?"

"आक्काच्या," योगेश म्हणाला.

"काय नको!" मैना कडाडली. "माझं नाव माझ्या मागावर हाय. गाडी तू नावावर घे, अन् पेट्रोल पण तूच भर!"

सर खो खो हसले. सायलीनं पुढचं दार उघडून धरलं, "आक्का, पुढं बसा." मैना बसली, पाठ सरळ, दोन्ही हात मांडीवर. येवल्याच्या बाजारात व्यापारी तिच्या पैठणीची घडी उलगडून गप्प व्हायचे, तेव्हा ती अशीच बसायची. मागं डावीकडं स्नेहलनं खिडकीला नाक लावलं होतं.

योगेशनं चावी फिरवली. "घरी ना, आक्का?"

"नाय. येवल्याला."

त्याचा चेहराच उतरला. "आक्का... अजून राग गेला नाही का गं?"

मैना त्याच्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते योगेशनं इतकी वर्षं बघितलं होतं, पण त्याला नाव आज सुचलं. अभिमान होता तो! दुसऱ्या कुणाचा नाही, तिचा स्वतःचा.

"येड्या," ती म्हणाली, "तीन महिने माग बंद हाय, माझं काम खोळंबलंय. रुसून जायचं असतं तर यश्टीनं नसते का गेले?"

योगेशनं गाडी येवल्याकडं जाणाऱ्या निफाडच्या रस्त्याला लावली.