दुसऱ्या पंपाची नळी

"बाई, माझं काम कच्चं नव्हतं. तेवढं फक्त सिद्ध करून द्या."

गॅरेजवाल्याने खुर्चीत टेकण्याआधीच सांगून टाकलं. डोळे तारवटलेले, दाढीचे खुंट वाढलेले.

बाईंनी वीस वर्षं अपघातग्रस्त गाड्यांची तपासणी केली होती. आता त्या खासगी तपास घेत. त्यांचे सोबती मास्तर, गणित शिकवून निवृत्त झालेले. टिपणं काढायचं काम त्यांचं. कधीतरी एकदा बाईंच्या आधी आपल्याला उत्तर सापडावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती काही पुरी होत नव्हती, आणि दर वेळी मास्तरांना ते थोडं झोंबायचं.

"नीट सांगा," बाई म्हणाल्या.

शर्यतीच्या गाडीची ताकद वाढवली, तशी इंजिनाची भूकही वाढली. एका पंपाने पेट्रोल पुरेना. म्हणून गॅरेजवाल्याने टाकीच्या आतच दोन पंप शेजारी शेजारी बसवले.

"पहिला सतत चालतो. दुसरा ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, तरच लागतो. इंजिन नवं, म्हणून महिनाभर गाडी सावकाशच चालवली. शनिवारी चाचणीत धाकटीने, माझ्या बहिणीने, पहिल्यांदा पूर्ण दाबला, आणि पेट्रोल तुटलं. इंजिन तापून पिस्टन वितळले. गाडी गरकन फिरून भिंतीवर गेली. बहीण वाचली, मनगट मोडलं. सगळे म्हणतात, दादाने जोडणीच कच्ची केली."

"तुमचा संशय कोणावर?"

"आमच्या जावयांवर, धाकटीच्या नवऱ्यावर. गेल्या वर्षी गाडी ते चालवायचे. आता त्यांची बायको चालवते, आणि त्यांच्यापेक्षा वेगाने. शुक्रवारी संध्याकाळी ते गाडीपाशी एकटेच होते."

मास्तरांनी वहीत 'जावई' लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

गाडी गॅरेजात तशीच उभी होती. मागची सीट काढल्यावर टाकीचं तोंड दिसलं. त्यावर झाकण घट्ट धरून ठेवणारी, खाचांची गोल धातूची कडी. बाईंनी बॅटरीचा झोत टाकला.

"मास्तर, काय दिसतं?"

"ओरखडे. खाचांत काहीतरी पिवळं लागलंय."

गॅरेजवाल्याने तीन पायांचा पोलादी पाना कडीवर बसवला आणि एका झटक्यात ती फिरवली. पंपांची जोडी वर काढली. दुसऱ्या पंपाची नळी तोटीवरून निसटून लोंबत होती. फुगलेली, मऊ, भिजल्या स्पंजासारखी.

"ही नळी माझी नाहीच!" तो ओरडला. "टाकीत बुडवायची नळी वेगळी असते. ही टाकीबाहेर वापरायची साधी. हिला आतून पेट्रोल चालतं, बाहेरून लागलं की ही खराब होते."

बाईंनी गॅरेजातलीच तशी कोरी नळी मागितली. तिचा तुकडा पेट्रोलच्या बरणीत बुडवला आणि झाकण लावलं.

मग एकेकाला बोलावलं.

जावई जहाजावर वायरलेस सांभाळायचा. "सात आठवड्यांनी शुक्रवारी सकाळी उतरलो. हो, जळतो मी. खोटं कशाला बोलू? संध्याकाळी नुसता स्टिअरिंग धरून बसलो होतो. माझ्या जागेवर."

इंजिनाचा संगणक जुळवणारी मुलगी फणकाऱ्याने आली. "आकडे माझे, पेपरात फोटो मात्र दादांचा! पण गॅरेजची किल्ली माझ्याकडे नसते. तीन आठवड्यांपूर्वी दादा चार दिवस बाहेरगावी होते, तेव्हाही बाबाच उघडत होते. मी तर घरूनच काम केलं."

बाबा, म्हणजे गॅरेजवाल्याचे वडील. गॅरेज त्यांनीच उभं केलेलं. त्यांच्या बाकावर हत्यारं ओळीने मांडली होती. बाईंनी एक पितळी छिन्नी उचलली.

"पेट्रोलजवळ पोलाद नको," म्हातारा म्हणाला. "ठिणगी उडते. पितळ बरं. पण हल्लीच्या पोरांना सांगणार कोण? त्यांना सगळं येतं!"

"जोडपंपाबद्दल तुमचं मत?"

"एक बसवा नाहीतर दहा बसवा. चावी फिरवली की लागणारच. बिघडायचं ते इथे अंगणातच बिघडायला हवं होतं. पोर आत बसलेली असताना..." त्यांनी छिन्नी बाईंच्या हातातून घेऊन जागेवर ठेवली. मास्तरांना त्यांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे गॅरेजात जमले. धाकटी प्लास्टरमधला हात सांभाळत नवऱ्याशेजारी बसली. मास्तरांनी बरणीतला तुकडा काढून दाबला. जसाच्या तसा कडक.

"प्रयोग फसला, बाई."

"उलट, मास्तर, त्यानेच सुटका केली. जावयांची! एका रात्रीत ही नळी मऊ पडत नाही. शुक्रवारी बसवली असती, तर शनिवारी निसटली नसती. ती काही आठवडे टाकीत बुडून होती. तेव्हा जावई समुद्रावर होते."

जावयाने खोल श्वास सोडला. धाकटीने त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. शनिवारपासून ती त्याच्याशी बोललीच नव्हती.

"म्हणजे नळी बदलली दादा बाहेरगावी असताना. संगणकवाल्या मुलीकडे किल्ली नव्हती. शिवाय दुसरा पंप कधी लागतो, हे ठरवणारा हिशेब तिचाच. पण बदलणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, चावी फिरवली की दोन्ही पंप लागतात. नळी अंगणातच निसटेल, चारचौघांत दादाचं हसं होईल, आणि कोणाला खरचटणारही नाही."

मास्तरांनी वहीची मागची पानं उलटली. 'अंगणातच बिघडायला हवं होतं.' ते शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत उतरवले होते आणि त्यांना आंधळी दया आली होती.

"कडीच्या खाचांत पिवळं होतं, ते पितळ," बाई हळूच म्हणाल्या. "दादाचा पाना पोलादाचा आहे. ही कडी पितळी छिन्नीने ठोकून उघडणारा माणूस इथे एकच. बाबा, तुम्ही."

म्हाताऱ्याने स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहिले.

"चाळीस वर्षं लोक माझ्याकडे विचारायला यायचे," तो म्हणाला. "आता दारात येतात आणि म्हणतात, दादा आहे का? मी समोर बसलेला असतो, तरी. पोराचा हेवा बापाने करू नये, कळतं मला. पण रोज थोडं थोडं कुरतडत होतं. एकदाच त्याचं चुकावं, एवढंच वाटलं. तू गाडीत असशील, पोरी, हे माझ्या... नाही, मनात आलंच होतं. मी ते बाजूला सारलं."

धाकटी रडत होती. गॅरेजवाला मात्र ताठ उभा होता.

"पोलिसांत जायचं का, दादा?" बाईंनी विचारलं.

त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली. नाही.

"मग मला एकच हवं," तो म्हणाला. "येत्या शनिवारी शर्यतीच्या मैदानावर सगळ्यांसमोर सांगा, बाबा. माझी जोडणी कशी होती ते."

म्हाताऱ्याने पंपांची जोडी हातात घेतली. एकेक जोड अंगठ्याने चाचपला. वायरींची बांधणी, तोट्यांचे कोन, सगळं पाहिलं. पाहणं संपेना.

"चोख," तो पुटपुटला. "माझ्याच्याने असं झालं नसतं."

गॅरेजवाल्याने पुढे होऊन त्याच्या हातातून ती जोडी काढून घेतली. "तुम्ही हे मला महिन्यापूर्वी म्हणाला असतात, बाबा, तर मी तुम्हाला शिकवलं असतं," तो म्हणाला आणि कोणाकडेही न पाहता बाहेर उन्हात निघून गेला.