नावेत दुसरं कोण?

"आई गं..." असा आवाज आला आणि गोष्टीताईला कळलं, चोर सापडला.

प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायचा नियम होता. आणि मुलांच्या खेळण्यातल्या ठोकळ्यावर अनवाणी पाय पडला की काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. खोलीच्या मधोमध एक उंच माणूस दुखरा पाय एका हातात धरून उभा होता. दुसऱ्या हातात मुलांनी बांधलेल्या नावेची शिडी होती.

"म्हणजे तुम्हीच का ते," ती दारातूनच म्हणाली.

"मी... नाही. म्हणजे हो. आधी हा पाय खाली ठेवू का?"

गोष्टीताई हे नाव मुलांनी ठेवलेलं. दर रविवारी ती इथे देवाधर्माच्या गोष्टी सांगायची आणि मुलं त्या ठोकळ्यांनी बांधायची. ऐकलेली गोष्ट या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देता येते, बांधलेली हातात राहते, असं तिचं म्हणणं. सध्या महापुराची गोष्ट चालली होती. देवाच्या सांगण्यावरून एक म्हातारा भलीमोठी नाव बांधतो आणि प्रत्येक प्राण्याची एकेक जोडी आत घेतो. वर्गाचा कायदा एकच – ज्यानं लावलं त्यानंच काढायचं, इतरांनी हात लावायचा नाही. तरी नावेत कोणीतरी काहीबाही घुसडत होतं. आधी खिडकी आली, मग शिडी. हे देवाचंच काम, असं मुलांनी ठरवून टाकलं. देवानं शिडी निदान सरळ लावली असती, असं ताईला वाटलं. शेवटी राहवेना, म्हणून या बुधवारी ऑफिस सुटल्यावर ती इथे येऊन थडकली होती.

"मी दर बुधवारी इथे हातांचे व्यायाम घेतो," तो पाय चोळत म्हणाला. "झटका येऊन ज्यांचे हात लुळे पडलेत, त्यांचे. रबरी चेंडू दाबून दाबून सगळे वैतागले होते. एकदा कपाट उघडं राहिलं आणि आजोबांना हा ठोकळ्यांचा डबा दिसला."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आजोबांनी मान डोलावली. "पोरी, एवढी जनावरं आत कोंडलीस आणि खिडकी नाही? पुरातून वाचली असती गं, वासानं गेली असती."

ताई भांडायच्या तयारीनं आली होती. पण हसू फुटल्यावर भांडण कसलं करणार?

"आणि मुलांना काय सांगू?"

"देवच करतो म्हणा," तो म्हणाला. "यांची बोटं हलतात ना, तेव्हा मलाही तसंच वाटतं."

त्यानंतर ती दर बुधवारी यायला लागली. ठोकळे नीट आहेत ना, ते बघायला. निदान स्वतःला तरी तिनं तसंच सांगितलं. व्यायामाला येणारे आजी-आजोबा गेले की दोघं ठोकळे आवरत बसायची आणि तो रविवारची गोष्ट विचारायचा, अगदी मुलांसारखा, खोदून खोदून.

"सगळे आत गेले. मग दार कोणी लावलं?"

"देवानं. बाहेरून."

"आणि म्हातारा नुसता बघत बसला?"

"त्यानं एवढी नाव बांधली. दमला असेल बिचारा."

"मी असतो तर दार स्वतः लावलं असतं."

"तुम्ही असता तर शिडी वाकडी लागली असती."

तो हसला की त्याच्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडायच्या. त्या बघायला मिळाव्यात म्हणून आपण टोमणे शोधून ठेवतो, हे एके दिवशी तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या रविवारी वर्गातल्या चिमणी नावाच्या मुलीनं वेणीवाली नखाएवढी बाहुली नावेत उभी केली. "ही आपली ताई."

"जोडी नसेल तर आत घेत नाहीत," शेजारची म्हणाली. चिमणीला ते पटलं आणि 'ताई' लिहिलेल्या चिठ्ठीसकट बाहुली नावेबाहेर गेली. ताई सगळ्यांबरोबर हसली. घरी गेल्यावर मात्र तिला ते तितकंसं हसण्यासारखं वाटलं नाही.

त्या बुधवारी ऑफिसातलं काम लांबलं आणि तिला जाता आलं नाही. रविवारी कपाट उघडलं तर बाहुली नावेत होती. तिच्याशेजारी निळ्या टोपीचा एक नखाएवढा माणूस.

मुलं नाचायला लागली. ताईला मात्र एकच प्रश्न छळत राहिला... कोणी ठेवला? त्यानं ठेवला असेल तर? आणि आजोबांनी गंमत म्हणून ठेवला असेल, तर आपल्याइतकं वेडं कोणी नाही.

बुधवारी ती पोचली तेव्हा तो चेंडू पिशवीत भरत होता. "पुढच्या आठवड्यापासून आम्हाला दुसरी जागा मिळाली. मोठी आहे," तो म्हणाला. आवाजात आनंद काही नव्हता.

आता विचारलं नाही तर कधीच नाही.

"नावेत तो टोपीवाला कोणी ठेवला?"

"आजोबांनी असेल," तो पिशवीकडे बघत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"मी?" आजोबा खुर्चीतून पुढे झुकले. त्यांनी मोठा ठोकळा उचलून दाखवला, मग टोपीवाल्याला चिमटीत धरायला गेले. तो सुळकन निसटून टेबलावर पडला. "एवढं बारीक अजून धरता येत नाही मला. हाच सांगतो दर बुधवारी. उगाच दुसऱ्याच्या नावावर पुण्य नको." एवढं बोलून ते काठी टेकत बाहेर गेले.

खोलीत दोघंच उरली.

"रविवारी मुलं विचारतील," तिनं टोपीवाल्याला नावेत पुन्हा होता तिथं ठेवलं. "गंमत असेल तर काढून घ्या. नियम ठाऊक आहे ना? ज्यानं लावलं त्यानंच काढायचं."

त्यानं टोपीवाल्याला उचललं. ती श्वास रोखून बघत राहिली. त्यानं तो परत ठेवला... बाहुलीच्या थोडा आणखी जवळ.

"गंमत नाही," तो म्हणाला. "तुम्ही मला आवडता. बाहेर उभी असलेली ताई मला बघवेना."

हात पुढे करून तिनं नावेचं दार टक्कन लावलं.

"हे तर देवानं लावायचं होतं ना?" त्यानं हळूच विचारलं.

"त्याच्यावर कशाला सोडा," ती म्हणाली. "आणि हे मी लावलंय. आता तुम्हाला काढता येणार नाही."