गाडीखालून दिलेली हाक

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा मामा, आणि त्याला थापा मारता येत नाहीत. थाप मारायला गेला की त्याचे कान लाल होतात. मामी त्यावरून त्याला जन्मभर चिडवायची.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. गेल्या हिवाळ्यातली, भर दुपारची आहे. जागा म्हणजे एक बंद पडलेली लाकडाची वखार. मागे उतरतं अंगण, आणि उताराच्या तळाशी दगडी भिंत.

मामा गाड्यांचा मिस्त्री. डोंगरात, चिखलात चालणाऱ्या जुन्या जीप म्हणजे त्याचा जीव की प्राण. कोणाला तसली गाडी घ्यायची असली की आधी मामाला न्यायचं, हे ठरलेलं.

"बॉनेट शेवटी उघडायचं," तो सांगायचा. "आधी गाडीचं पोट बघायचं. वरून रंग सगळेच मारतात. पोटाला ताजा रंग दिसला की समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय."

पण पोट एकट्याने बघता येत नाही. एकाने खाली आडवं व्हायचं, दुसऱ्याने वर बसायचं. खालचा ओरडणार, "दाब." वरचा ब्रेक दाबणार. मग खालचा ब्रेकच्या नळ्यांना कुठे ओल सुटते का ते बघणार आणि म्हणणार, "सोड."

वर बसणारी नेहमी मामीच असायची.

"दाब" म्हटलं की लगेच दाबायची. "सोड" म्हटलं की मात्र मुद्दाम सोडायची नाही. पाय रोवून गंमत बघत बसायची.

"अगं, सोड!"

वर सगळं गप्प.

"सोडा की आता, राणीसरकार!"

मग खुदकन हसू यायचं आणि पेडल सुटायचं. केस पांढरे झाले तरी दोघांचा हा पोरकटपणा काही गेला नाही.

गेल्या पावसाळ्याआधी मामी गेली. आजार लांबला होता. शेवटी शेवटी तिला स्वतःचा पायसुद्धा उचलवत नव्हता. मामाच तो धरून उशीवर ठेवायचा. हातात घेतला की पाय थरथरायचा.

त्यानंतर मामाने गाड्या तपासणं सोडलं. गॅरेज उघडायचा, नुसता बसायचा, बंद करून घरी यायचा.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई मात्र हटूनच बसल्या.

"मला वरच्या वस्त्यांवर जावं लागतं, मिस्त्री. कड्याच्या कडेने रस्ता आहे. तुम्ही हो म्हणालात तरच ती वखारीतली जुनी जीप घेईन."

मामाला नाही म्हणवेना.

वखारवाल्या आजोबांनी जीप दाखवली, "बघा निवांत, मी जरा पाठ टेकतो," म्हणाले आणि आत गेले. डॉक्टरीणबाई कुठल्याशा अडलेल्या गाईपाशी होत्या. अंगणात मामा एकटा.

जीप बरेच दिवस जागची हलली नव्हती. स्टिअरिंगपासून सीटच्या पाठीपर्यंत कोळ्याचं जाळं पसरलं होतं. हँडब्रेक नावापुरता. मामाने मागच्या चाकांना एकेक वीट लावली, गिअर काढला आणि तो आडवा झाला. धड गाडीखाली, पाय बाहेर.

चेसिसवर, गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, एका जागी ताजा काळा रंग होता. मामाने तो स्क्रूड्रायव्हरने खरवडला. खाली वेल्डिंग. मोठा तडा बुजवला होता.

म्हणजे गाडी बाद. तिथेच उठायला हवं होतं.

पण सवयीने तोंडातून शब्द गेलाच.

"दाब."

आता वर कोण होतं दाबायला?

...

पेडल दाबलं गेलं.

जुन्या जीपच्या ब्रेकचा दांडा खालून दिसतो. तो कुरकुरत पुढे सरकला... आणि तिथेच थांबला.

मामाला वाटलं, डॉक्टरीणबाई आल्या. पण फाटक वाजलं नव्हतं. अंगणभर लाकडाचा वाळका भुसा होता, त्यावर पाऊल वाजलं नव्हतं. माणूस चढलं की जीप हलते. जीपही हलली नव्हती.

"सोड," मामा म्हणाला.

दांडा हलला नाही.

"सोड ना..."

नाहीच.

मग मामाने ते जुनेच शब्द उच्चारले.

"सोडा की आता... राणीसरकार."

दांडा सटकन मागे आला.

"भीती वाटायला हवी होती रे," मामा मला म्हणाला. "मला रडूच फुटलं."

नळ्यांना कुठेच ओल नव्हती, अगदी कोरड्याठाक होत्या. एरवी त्याच्या डोक्यात लगेच काहीतरी आलं असतं. त्या दिवशी तो नळ्या बघतच नव्हता.

"अजून दुखत असेल तर दाब," तो म्हणाला.

दांडा स्थिर. मामाने मोठा श्वास सोडला.

"तुझं शिवणाचं मशीन मी झाकून ठेवलंय. कोणाला दिलं नाही. ऐकतेस का?"

दांडा पुढे गेला, मागे आला.

"माझी आठवण येते?"

दांडा पार शेवटापर्यंत गेला... आणि तसाच राहिला. या वेळी मामाने सोड म्हटलंच नाही. किती वेळ तो तिथे, तेलाच्या डागांवर पाठ टेकून पडून होता, त्याचं त्यालाही माहीत नाही. बऱ्याच वेळाने दांडा आपणहून हळूच मागे आला.

मग त्याने ते विचारलं.

"मला एकट्याला नाही गं जमत. येऊ का तुझ्याकडे?"

काहीच नाही.

नेहमीची कुरकुरसुद्धा नाही...

आणि मग... कट्.

वीट फुटली. पाठोपाठ दुसरीही.

जीप मागे सरकायला लागली. पुढचं चाक मामाच्या कमरेकडे यायला लागलं. हळूहळू. बाजूला सरकायला भरपूर वेळ होता.

"मला हलता येत नव्हतं असं नाही," मामा मला म्हणाला. "मी हललो नाही."

मी त्याचे कान बघितले. लाल झाले नव्हते.

चाक शर्टाला टेकलं.

तेवढ्यात खाडकन ब्रेक लागला. असा की सगळी गाडी हादरली. दांडा पार शेवटाला गेला होता आणि तिथे थरथरत होता. मामीचा पाय थरथरायचा, अगदी तसा.

तो थरथराट बघितला आणि मामा भानावर आला. सरपटत बाहेर निघाला, उठला, आत डोकावला.

सीट रिकामी होती. कोळ्याचं जाळं जसंच्या तसं, एक धागा तुटला नव्हता. आणि त्या जाळ्याखाली पेडल तळाला टेकलं होतं. थरथरत होतं.

शेजारी मोठाले दगड पडले होते. एक उचलून चाकाला लावला असता तर गाडी तिथेच राहिली असती. मामाला ते सुचलं होतं, तरी ती बाद गाडी वाचवावीशी वाटेना. शिवाय दगड लावूनही तिने पाय काढला नसता, हेही तो ओळखून होता. मामाने शब्द उच्चारल्याशिवाय ती कधीच सोडत नव्हती. आणि आता ती दमली होती.

मामा जीपचं दार धरून उभा राहिला.

"मी बाहेर आलोय गं," तो शेवटी म्हणाला. "जेवेन वेळेवर. सोडा आता... राणीसरकार."

पेडल वर आलं. या वेळी हसू ऐकू आलं नाही.

जीप उतारावरून गेली आणि भिंतीवर आदळली. बरोबर त्या काळ्या रंगापाशी चेसिस मोडली.

आजोबा ओरडत बाहेर आले. "अहो मिस्त्री, काय केलंत हे!" पण मोडलेली जागा दिसली तसे गप्प झाले. काय लपवलं होतं ते त्यांना ठाऊक होतंच. तेवढ्यात डॉक्टरीणबाईही पोहोचल्या. मामा त्यांना एवढंच म्हणाला, "ही नको, बाई. दुसरी बघू."

दुसऱ्या दिवशी जीप भंगारात गेली. मामाबरोबर मीही होतो. भंगारवाल्याने माझ्यासमोर ब्रेकचा सिलिंडर उघडला आणि हसायला लागला.

आत तेलाचा थेंब नव्हता. सगळा गंज धरलेला, नळ्या कधीच्या बुजलेल्या. त्या गाडीला ब्रेक लागणं शक्यच नव्हतं.

मामा हसला नाही. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

हल्ली तो पुन्हा गाड्या तपासतो. वर बसायला मी जातो. खरं सांगायचं तर मला त्या सीटवर बसवत नाही. पेडलवर पाय ठेवताना अंगावर काटा येतो. पण त्याला एकट्याला गाडीखाली जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलंय.

पहिल्याच दिवशी तो खालून म्हणाला, "दाब." मी दाबलं.

"सोड." मी लगेच सोडलं.

खाली बराच वेळ शांतता होती. मी घाबरून वाकून बघितलं. मामा उताणा पडला होता, डोळे मिटलेले, कानशिलं ओली.

"मामा? काही चुकलं का माझं?"

"नाही रे," तो म्हणाला. "फक्त एवढ्या लगेच सोडत जाऊ नकोस."