तिसरा अंगठा

मोहिनी कोकरे सेनगाव तालुक्यात मंडळ अधिकारी होती. तिच्या मंडळातल्या बारा गावांत तिच्या सहीशिवाय एक गुंठा जमीनही एका नावावरून दुसऱ्या नावावर जात नसे. सही आता कागदावर करायची नसते. तलाठी फेरफाराची नोंद संगणकात भरतो, कागद स्कॅन करून जोडतो, हरकतीची मुदत सरली की ते सगळं तिच्या पडद्यावर येतं. तिने सहीचं टोकन खोचायचं, पिन टाकायचा आणि ‘प्रमाणित करा’वर क्लिक करायचं.

बाकीचे लोक हे काम चहा पिता पिता उरकत. मोहिनी वाचत असे. मृत्यूचा दाखला, शपथपत्र, जबाब, पंचांची नावं, सगळं पहिल्या ओळीपासून. डोंगरकड्याच्या मेंढपाळाची ती लेक. तिचा बाप संतराम शाळेची पायरी चढला नव्हता, पण वाड्याच्या तोंडाशी उभा राहून एकेक मेंढरू डोळ्याखालून घातल्याशिवाय त्याने कधी फाटक लावलं नाही. मोहिनी तेच करत होती, कागदांशी. चार वर्षांत तिने प्रमाणित केलेली एकही नोंद अपिलात फिरली नव्हती. ही गोष्ट ती कुणाला सांगायची नाही, पण चालताना तिची मान थोडी वरच असायची.

मार्चचे दिवस होते. आजूबाजूच्या शिवारात हळद शिजत होती आणि तो ओला, मातकट वास थेट कार्यालयात येत होता. महिनाअखेरीला तिच्याकडे एकच नोंद उरली होती. सकाळीच तहसीलदारांचा फोन आला.

“मॅडम, एवढी एक झाली की तुमचं मंडळ जिल्ह्यात पहिलं. सायंकाळपर्यंत करून टाका.”

“वाचते, सर,” ती म्हणाली.

नोंद साधी होती. कवठवाडीच्या सत्यभामाबाई कार्तिकात वारल्या. पाच एकर रान. वारस एकच, मुलगा संपतराव. जबाबाखाली संपतरावची सही आणि दोन पंचांचे अंगठे. मोहिनीने पान खाली सरकवलं.

अंगठे तीन होते.

तिसरा पानाच्या अगदी तळाशी, कोपऱ्यात होता. जांभळ्या शाईचा, लहानसा, मधून एक तिरपी पांढरी रेघ गेलेला. समोर नाव नव्हतं. तिने नोंद परत पाठवली आणि शेऱ्यात लिहिलं, ‘तिसरा अंगठा कोणाचा? खुलासा करावा.’

तासाभरात तलाठी हरीश मूळ कागद घेऊन स्वतःच आला. सरळ पोरगा होता, जरा घाईचा.

“मॅडम, दोनच हायत. बघा ना तुमी.”

तिने कागद खिडकीपाशी नेला, उलटा करून पाहिला. दोनच होते. कोपरा कोरा होता.

“काचेवर डाग असंल,” हरीश म्हणाला. त्याने तिच्याच कार्यालयातल्या स्कॅनरची काच पुसली, कागद ठेवला. यंत्र घरघरलं. पान पडद्यावर उमटलं.

अंगठा होता. पण कोपऱ्यात नव्हता. चार बोटं वर सरकला होता.

मोहिनीने दुसऱ्या गावाचा एक कागद स्कॅन करून पाहिला. स्वच्छ निघाला. मग तिने पुन्हा जबाबाचा कागद उचलला, स्वतःच्या हाताने नीट ठेवला आणि झाकण दाबून धरलं.

या खेपेला तो मजकुरात होता. ‘मयतास याशिवाय अन्य वारस नाही’ अशी ओळ होती. तिच्या शेवटच्या शब्दावर अंगठा बरोबर बसला होता. आता ती ओळ फक्त ‘मयतास याशिवाय अन्य वारस’ अशी वाचता येत होती.

“मॅडम,” हरीश खालच्या आवाजात म्हणाला, “करून टाका ना प्रमाणित. काहून जीवाला घोर?”

टोकन खोचलेलंच होतं. पिन टाकायला दोन सेकंद लागले असते आणि जिल्ह्यात पहिला नंबर आला असता. मोहिनीने टोकन उपसून पर्समध्ये टाकलं आणि स्कूटीची किल्ली घेतली.

कवठवाडीत संपतरावचं घर वेशीजवळच होतं. अंगणात शिजलेली हळद वाळत पडली होती. संपतराव पन्नाशीचा, ताठ माणूस. त्याने बाज पुढे केली, पाणी दिलं.

“तुम्हाला बहीण आहे का, संपतराव?”

“न्हाई.” उत्तर फार लवकर आलं.

परतताना शेजारच्या पद्माबाईंनी तिला शेणाने भरलेल्या हातानेच थांबवलं. घराकडे पाठ करून त्या म्हणाल्या, “पारू हाय की. बारा वर्सं झाली. आपल्या मनानं लगीन केलं तिनं, तव्हापासून त्या घरात तिचं नाव घ्यायचं न्हाई. मायच्या मातीलाबी येऊ दिलं न्हाई लेकराला. हिंगोलीला मोंढ्याच्या बाजारात हळद निवडती म्हनं.”

मोहिनीने दोघांना नोटीस काढली. जिल्ह्याची यादी लागली तेव्हा तिचं मंडळ दुसरं आलं होतं. एका नोंदीने पहिला नंबर गेला. तहसीलदार दोन दिवस तिच्याशी तुटकच बोलले. तिने यादी घडी घालून ठेवली आणि सुनावणीची तारीख गाठली.

पारुबाई आली ती नखांत हळद घेऊन. भाऊ ज्या बाकावर बसला होता, त्याच्या दुसऱ्या टोकाला ती टेकली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

“मला रान नको,” ती मोहिनीला म्हणाली. “फकस्त मी तिची लेक हाय, एवढं कुठंतरी लिवलेलं पायजे.”

“ही कोन? मी वळखत न्हाई,” संपतराव म्हणाला.

मोहिनीने वाद घातला नाही. जबाबाचं पान उघडलेला पडदा दोघांकडे वळवला.

पारुबाई उठून जवळ आली. तिने त्या तिरप्या पांढऱ्या रेघेजवळ बोट नेलं, पण काचेला लावलं नाही.

“विळा लागला व्हता,” ती म्हणाली. “मला ऊस सोलून देताना. मायचा हाय ह्यो अंगठा.” मग थोडं थांबून, “कव्हा उठवला तिनं?”

जबाबाची तारीख माघातली होती, सत्यभामाबाई कार्तिकातच गेल्या होत्या.

संपतराव उठला.

त्याने खांद्यावरच्या उपरण्याने पडदा पुसला. सावकाश, एकदा. मग पुन्हा.

अंगठा तिथेच होता.

तो वाकून पाहत राहिला. बाहेर एक जीप थांबली, माणसं उतरली, जीप गेली. तो तसाच वाकलेला होता.

“बाई,” तो शेवटी म्हणाला. “लिवा.”

“काय लिहू?”

“पारूचं नाव. माह्या बराबरीनं लिवा.”

जुनी नोंद मोहिनीने नामंजूर केली. नवीन नोंद आली, मुदत सरली, कागद पडद्यावर आले. जबाबाखाली भावाची सही, बहिणीची सही, दोन पंचांचे अंगठे. तिने प्रत्येक पान शेवटपर्यंत सरकवलं. कुठेही डाग नव्हता. मग तिने क्लिक केलं. प्रमाणित. चार वर्षांत एवढ्या अभिमानाने तिने एकही नोंद प्रमाणित केली नव्हती. त्या सायंकाळी तिने बापाला फोन करून सगळं सांगितलं. अंगठ्याचं तेवढं सांगितलं नाही. संतराम म्हणाला, “बराबर केलं, पोरी.”

पुढच्या सोमवारी, अकराच्या सुमाराला, एक म्हातारी तिच्या दारात येऊन उभी राहिली. लांबच्या गावची, मंडळाबाहेरची. नाव सांगितलं, रुख्मिणीबाई. हातात कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेले कागद होते.

“मावशी, तुमचं गाव माझ्याकडे येत नाही,” मोहिनी म्हणाली. “तुम्हाला इथे कुणी पाठवलं?”

“कवठवाडीची सत्यभामाबाई हाय ना, तिनं.”

मोहिनीचा हात माउसवरून खाली आला. “कधी भेटल्या त्या तुम्हाला?”

“आजच की. एसटीत शेजारी बसली व्हती.” म्हातारी खुर्चीवर टेकली, कागद सोडू लागली. “लई नाव काढत व्हती तुमचं. म्हनली, त्या पोरीकडं जा, ती सगळं वाचती. मी म्हनलं, तुमीबी चला संगं, तर न्हाई म्हनली. माहं काम झालं म्हनली, आन् मधीच, रानात, उतरून गेली.”