काठोकाठ

वीरेंद्र वरठी स्टेशनवर उतरला तेव्हा ऊन चव्वेचाळीसच्या पुढे होतं आणि त्याच्या डोक्यावर लोकरीची उंच टोपी होती.

"काढ बे ते, मेंदू शिजन तुहा," त्याला घ्यायला आलेला भोजराज म्हणाला आणि त्याने मोटरसायकलला किक मारली.

कझाकस्तानात वेल्डिंगच्या कामाला गेलेला हा त्याचा जिवलग दोस्त. आईबाप लवकर गेले, म्हणून वीरेंद्रचं अर्धं बालपण भोजराजच्याच स्वयंपाकघरात पार पडलं होतं. आता तर त्याचं घरही गेल्या पावसाळ्यात बसलं होतं. "दोन दिवस राह्यतो तुह्याकडं," तो म्हणाला. भोजराज म्हणाला, "दोन काहून, चार राह्य."

आंधळगावला पोचल्यावर वीरेंद्रने बॅगेतून बिनकानाचे दोन पियाले काढून भोजराजच्या आईला, कुंताबाईला दिले. तिने लगेच त्यातला एक चहाने काठोकाठ भरून त्याच्यापुढे ठेवला. वीरेंद्रचा चेहरा पडला.

"मावशी, निघू का मंग मी?"

"काहून रे बाप्पा? आत्ताच त आला!"

"तिकडं पाव्हण्याले अर्धाच चहा देते. संपला का पुन्हा अर्धा. म्हणजे बस अजून. अन् काठोकाठ देला म्हणजे, पी अन् निघ."

कुंताबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली आणि अर्धा चहा परत भांड्यात ओतला. भोजराजचा चहा नेहमीप्रमाणे त्याच्या स्टीलच्या गिलासात. बारशाला मामाने दिलेला, वर 'भोजराज' कोरलेला.

संध्याकाळी अंगणातल्या कडुलिंबाखाली खाट टाकून वीरेंद्र तिकडचं सांगत बसला. झाडच नाही. नजर टाकली की थांबायला जागा नाही, नुसतं गवत. तिथल्या लोकांची जनावरं एकदा सरकारने काढून घेतली, लाखो माणसं उपाशी मेली. जे उरले, त्यांनी पुढे रेल्वेतून आणून टाकलेल्या परक्या लोकांना घरात घेतलं. कुंताबाईने पदर डोळ्यांना लावला.

"अन् गवतात दगडाचे माणसं उभे राह्यते," वीरेंद्र म्हणाला. "हजारेक वरसांचे. तोंड उगवतीले. दोन्ही हातात, पोटापाशी पियाला."

"मंग पीत काहून नाही?" भोजराजने विचारलं.

"कोणाले माहीत."

दोन दिवस झाले. चार झाले. वीरेंद्रचा चहा अर्धाच राहिला.

घरात दवण्यासारखा, पण कडसर वास येऊ लागला. कुंताबाई म्हणाली, टोपीचा असेल. टोपी उन्हात टाकली. वास घरातच राहिला.

मग एका सकाळी अंगणात कडुलिंब नव्हता.

"माय, लिंब कोणं तोडला?"

"कोणता लिंब?"

भोजराजने खोड शोधलं, मुळ्या शोधल्या. तिथे घोट्याएवढं वाळकं गवत होतं. पलीकडची आंब्याची झाडंही नव्हती, त्यामुळे अंगणातून थेट वरठीच्या कारखान्याचं धुराडं दिसत होतं. ड्यूटीला जाताना रस्ता चुकणार नाही, एवढाच विचार त्याच्या मनात आला. माणूस किती गोष्टींची सोय लावून घेतो!

त्या दिवशी वीरेंद्र भोजराजच्या गिलासातून चहा पीत होता.

"पिऊ दे न," कुंताबाई म्हणाली. "गिलासानं का होते?"

भोजराजला पियाला मिळाला. अर्धा. संपल्यावर तिने पुन्हा अर्धा ओतला. त्याला बरं वाटलं. आईने असा आग्रह कधी केला नव्हता.

त्या आठवड्यात रात्रपाळी होती. सकाळी तो परत आला तेव्हा फाट्यावरूनच त्याला घर दिसलं, कारण मध्ये काहीच नव्हतं. ना शेजाऱ्यांची घरं, ना बांध. गवत, आणि त्यात एकटं त्याचं घर.

कुंताबाई दारात आली. तिने पदर डोक्यावर ओढला.

"बसा. कोण्या गावचे तुमी?"

भोजराज हसला. ती हसली नाही. जन्मात पहिल्यांदा त्याच्या आईने त्याला 'तुमी' म्हटलं होतं.

"माय, मी भोजू."

"भोजू आतमंदी हाय," ती म्हणाली आणि तिने वळून हाक मारली. "भोजू! कोणी आलं पाय रे!"

वीरेंद्र बाहेर आला. हातात गिलास. भोजराजने त्याकडे बोट केलं.

"हे पाय, माय, माह्यं नाव हाय त्याच्यावर!"

"त्याचंच हाय न थे," कुंताबाई म्हणाली.

भोजराजने वीरेंद्रकडे पाहिलं. वीरेंद्रने एक शब्द बोलायचा होता. लहानपणी एका ताटात जेवलेल्या माणसाला एका शब्दाचं ओझं ते काय!

"सांग न बे तिले."

वीरेंद्र गिलासात बघत राहिला.

"लंबून आले असन, माय," तो म्हणाला. "चहा दे त्यायले."

तिने चहा आणला.

काठोकाठ.

भोजराजने पियाला दोन्ही हातांनी घेतला, सांडू नये म्हणून पोटापाशी धरला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. प्यायला तर निघावं लागणार. नाही प्यायला तर काय, हे वीरेंद्रने सांगितलं नव्हतं.

म्हणून तो प्यायला नाही.

समोरून सूर्य वर येत होता. धुराडं दिसेना. पायांना गवत लागत होतं, मग लागेनासं झालं.

"भोजू," आतून आई म्हणाली, "त्यायचा पियाला घेऊन ये न रे."

हो माय, असं त्याला म्हणायचं होतं.

"राहू दे, माय," वीरेंद्र म्हणाला. "तो त्यायच्याजवळच राह्यते."

एक साळुंकी येऊन भोजराजच्या खांद्यावर बसली. तिथून मनगटावर उतरली. मान तिरकी करून तिने चहाकडे पाहिलं आणि चोच मारली.

टक्क आवाज आला.