अंपायर फॉस यांनी थांबवलेला सामना

आमच्या बेसबॉल लीगचं आयुष्य अडीच उन्हाळ्यांचं. नेब्रास्कातली सहा गावं, सहा संघ आणि सगळ्यांत मिळून एकच धड चालणारी बस. एवढ्या भांडवलावर आम्ही १९४८ साली थाटात सुरू झालो आणि १९५० च्या जूनमध्ये आटोपलो. परवा वाचनालयाने या लीगचा इतिहास छोट्या पुस्तिकेत छापला. माझा धाकटा मुलगा डेल्मर ती घेऊन आला. छान काढली आहे. माझा नवरा वर्लिन आमचा कॅचर. त्याचा फोटोही आहे. पण शेवटच्या पानावर लिहिलंय, "११ जून १९५०, हॅस्केट विरुद्ध ऑरिन. सामना झाला नाही. अंपायर अनुपस्थित."

सामना झाला. साडेचार डाव झाले. आमच्या हॅस्केटचा स्कोअर मी लिहीत असे, त्या दिवशीही पेन्सिल माझ्याच हातात होती. आता ब्याऐंशी वर्षांची झाले, लोक काय म्हणतील याची भीती उरली नाही. म्हणून दिवा जवळ ओढून बसले आहे.

रविवारची दुपार होती. सामन्याआधी नव्या चेंडूंची पेटी अंपायरला नेऊन देणं माझं काम. नवा चेंडू गुळगुळीत असतो, हातातून निसटतो. म्हणून अंपायर तो आधी मातीने चोळून घेतो. स्टँडखालच्या त्याच्या खोलीत आमच्या मैदानातल्या पिवळ्या मातीचा डबा त्यासाठीच ठेवलेला असे.

अंपायरशी मात्र कुणी बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. तो परगावाहून एकटा गाडी चालवत येणार, एकटा जेवणार, एकटाच परत जाणार. कुणी त्याच्याशी दोन शब्द हसून बोललं, तर संध्याकाळपर्यंत अंपायर फोडल्याची बोंब व्हायची. त्याचा चेहरा तर कुणी बघतच नसे. तोंडावर जाळी, आणि जाळीमागे शिव्या खायला ठेवलेला एक माणूस, एवढीच आमची ओळख. ही रीत आम्ही इतक्या इमानाने पाळली, की त्या दिवशी गावातल्या एकानेही त्याच्याकडे नीट पाहिलं नाही.

मी दार ढकललं. आत विहिरीच्या तळाशी असावा तसा गारवा होता... आणि ओढ्याकाठच्या कुजक्या पानांचा वास. तो पाठमोरा बसला होता. बुटांभोवती पाणी साचलं होतं, आणि पाऊस तर तीन आठवडे पडला नव्हता. पिवळ्या मातीच्या डब्याचं झाकणही उघडलेलं नव्हतं. त्याच्या ओंजळीत काळाभोर चिखल होता.

"पेटी ठेवा, बाई," तो हळू म्हणाला. मी वळले, तसं त्याने विचारलं, "स्टँडमध्ये आज लहान मुलं आहेत?"

"रविवार आहे. पुष्कळ आहेत." रीत मोडून मी बोलून गेले, "माझीही आहे. ओपल. चार वर्षांची. आजीच्या मांडीवर बसलीय."

"बरं," तो म्हणाला. "बरं..."

सामना सुरू झाला. दुसऱ्या डावानंतर वर्लिन माझ्या टेबलापाशी येऊन कुरकुरला, "अगं, हा चेंडू आहे का मासा? कितीही पुसा, ओलाच." मी हसले. अंपायरचे निर्णय अचूक होते, हे मला वहीवरून दिसत होतं. आवाज मात्र लांबून आल्यासारखा यायचा.

पाचव्या डावात स्कोअर तीन-तीन. बॅट आमची, दोन माणसं बेसवर. आभाळ निळंशार. आणि अंपायरने दोन्ही हात वर केले. "खेळ बंद. स्टँड रिकामं करा."

खेळ थांबवायचा तो पावसासाठी, नाहीतर अंधारासाठी. इथे दोन्हींचा पत्ता नव्हता. एकच गलका उठला. आमचा मॅनेजर क्लेटस टोपी आपटत म्हणाला, उन्हाचा त्रास होतोय का साहेबांना, बायकोची छत्री मागवू का? बसायच्या उशांचा मारा सुरू झाला. मीसुद्धा वही घेऊन मैदानात धावले. लिहिताना आजही लाज वाटते. त्या माणसाच्या तोंडावर मी ओरडले, "आंधळे आहात का प्यायलेले?"

त्याने खिशातून घड्याळ काढलं. "पाच मिनिटं. सगळ्यांनी रुळांपलीकडच्या चर्चच्या तळघरात जायचं. एक माणूस जरी इथे राहिला, तर सामना ऑरिनला दिला."

स्वतःचं घर जळताना हॅस्केटचा माणूस कदाचित शांत बसेल, पण ऑरिनला फुकट सामना देणार नाही. हे त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. लोक शिव्या घालत उठले. तळघरात बायकांनी केक मांडलेच होते, म्हणून ऑरिनवालेही मागोमाग निघाले.

मी जवळ होते म्हणून ते घड्याळ मला दिसलं. काचेखाली पाणी हलत होतं. काटे नऊ वाजून दहा मिनिटांवर अडकलेले. तरी त्याकडे बघत तो म्हणाला, "चार..." मग थोड्या वेळाने, "तीन..." आणि अगदी हळू, "बाई, जा. ओपलला घ्या."

वही माझ्या हातून पडली. ओपलला उचलून मी सासूबाईंना ओढत धावले. एकदाच मागे पाहिलं. तो होम प्लेटपाशी एकटा उभा होता. चर्चकडे जाणाऱ्या रांगेकडे बघत, बोटाने काहीतरी मोजत.

केक कापून होत नाहीत तोच तळघराची खिडकी हिरवी पडली. रुळांवर गाडी नव्हती, पण गाडीचा आवाज आला, आणि तो थांबेचना. मी ओपलचं डोकं पोटाशी दाबून धरलं. वर आलो तेव्हा चक्रीवादळात चर्चचं अर्धं छप्पर उडालं होतं. रुळांपलीकडे स्टँड नव्हतं. एक फळीसुद्धा नव्हती. पाद्रींनी तळघरात दोनदा डोकी मोजली होती, तान्ह्या बाळांसकट चारशे बारा. सगळे जिवंत.

संध्याकाळी शेरीफ आला. वीस मैलांवर, पुलाखालच्या काळ्या चिखलात अंपायर डेल्मर फॉस यांची गाडी उलटी सापडली होती. ते सकाळीच गेले होते. हातात घड्याळ होतं, नऊ दहाला बंद पडलेलं. लीगच्या सेक्रेटरीने सामना नोंदीतून खोडला, कारण मेलेला माणूस अंपायर कसा असेल? मैदान गेलं, पंधरा दिवसांत लीगही गेली.

सप्टेंबरमध्ये मी त्यांच्या पत्नीला, इर्माबाईंना भेटायला गेले. सगळं सांगितलं, मी काय ओरडले तेही. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. कॉफी ओतली आणि म्हणाल्या, "सतरा वर्षं अंपायर होते ते. धन्यवाद म्हणायला घरी आलेल्या तुम्ही पहिल्या." मी तिथेच रडले. तेव्हापासून दर अकरा जूनला आम्ही अंड्याची सँडविचेस घेऊन त्यांच्या थडग्यापाशी बसतो. ऑरिनवालेही येतात. ओपलचं लग्न, तिची मुलं, माझी रोज सकाळची कॉफी, सगळं त्या पाच मिनिटांतून आलेलं आहे. या उपकारांची फेड नाही. निदान छापताना त्यांना अनुपस्थित म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं.

आणि वहीचं सांगायचं राहिलं. तीस मैलांवरच्या एका शेतकरीणबाईला ऑक्टोबरात मका काढताना ती सापडली. तिने पोस्टाने पाठवली. पानं फुगली होती, पण माझं अक्षर शाबूत होतं. त्या दिवशी शेवटच्या दोन जागा मी रिकाम्या सोडल्या होत्या, अंपायरची सही आणि प्रेक्षकसंख्या. दोन्ही भरलेल्या होत्या. सही 'डी. फॉस', शेजारी अंगठ्याचा काळा ठसा. चार महिन्यांनीही चिखल ओला होता, माझ्या बोटाला लागला.

प्रेक्षकसंख्या लिहिली होती चारशे तेरा.

एक चुकून जास्त मोजला बिचाऱ्यांनी, असं मी मनात म्हणते आहे, तोच पोटातल्या बाळाने लाथ मारली. डेल्मर फेब्रुवारीत झाला. अकरा जूनला तो आहे हे मलासुद्धा ठाऊक नव्हतं.